यंत्र तिरकें कीं चित्र तिरकें?

सागाच्या रानांनीं वेढलेल्या यवतमाळ जिल्ह्यांत राहणाऱ्या गृहस्थास लाकडाची हौस जडली, तर त्यांत नवल नाहीं. नवल आहे तें हें कीं, हल्लीं ही हौस पटाशी-हातोडी सोडून संगणकाच्या आज्ञेंत चालणाऱ्या यंत्रामार्फत घरांत शिरली आहे. या जातीचें यंत्र अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनें १९५२ सालीं लोकांस दाखविलें, तेव्हां तें कारखान्याचें धन होतें. आज तें आमच्या माजघरालगतच्या खोलींत टेबलावर बसतें. बैठक ३०० मिलिमीटर लांब व १८० रुंद. तीन दिशांस तीन मोटारी. प्रत्येक मोटार एक मळसूत्री दांडा फिरविते. दांड्याच्या एका फेऱ्यांत कोरणी ४ मिलिमीटर सरकते आणि त्या फेऱ्याचीं ३२०० पावलें पडतात. म्हणजे एका मिलिमीटरांत ८०० पावलें! इतकें मोजून चालणारें यंत्र चुकेल तरी कसें, असें आमच्या घरच्या वडील मंडळींस वाटत होतें.

आणि काम तर जोखमीचें होतें. देव्हाऱ्याच्या दोन झडपांपैकी एक वाळवीनें खाल्ली होती; भाद्रपदांत महालक्ष्म्या बसण्यापूर्वीं ती नवी व्हावी, अशी आत्याबाईंची इच्छा. लाकूड पडलेल्या जुन्या वाड्याच्या सागवानी तुळईचें. त्यांतून दोनच फळ्या निघाल्या. झडपेवर कमळवेलीची आरपार जाळी. कोरणी आंखूड, म्हणून अर्धी खोली पुढून कोरावयाची आणि मधल्या रेषेवरच्या दोन खुंट्यांच्या आधारें फळी पालथी घालून उरलेली मागून. पहिली फळी पुरी झाली, तों वेलीचे देंठ दुभंगलेले! पुढची वेल एकीकडे, मागची दुसरीकडे. उरली एक फळी.

अशा वेळीं एकत्र कुटुंबांत उपायांस तोटा नसतो. पुतण्या म्हणाला, "काका, संगणकांतलें चित्रच थोडें उलट तिरपें करूं या." शेजारच्या मिस्त्रींनीं यंत्राभोवतीं एक फेरी मारून इतकेंच म्हटलें, "भाऊ, आधी गुण्या लावून तं पाहा." आम्हांस मिस्त्रींचें बोलणें पटलें. चित्र तिरपें केल्यानें ही झडप निघाली असती. पण पुढच्या प्रत्येक चित्रास तीच लबाडी करावी लागली असती, आणि रोग कोणता तें कधींच कळलें नसतें.

कारण न जुळण्याचे प्रकार अनेक आहेत आणि प्रत्येकाची खूण निराळी. मोटारीचीं पावलें हुकलीं किंवा दांडा जोडणारा कप्लिंगचा स्क्रू ढिला झाला, तर हुकल्यापासून पुढचें सगळें चित्र एकाच अंगास सरकतें आणि काम संपल्यावर कोरणी मूळ बिंदूवर परत येत नाहीं. आट्यांत ढिलेपणा असेल, तर कोरणी परत येते, पण दिशा बदलते तेथें वर्तुळ चपटें होतें. आमच्या फळीवर यांपैकीं कांहींच नव्हतें. खुंट्यांच्या मधल्या रेषेवर दोन्ही वेली तंतोतंत जुळत होत्या. कडेकडे जावें तसतसें अंतर वाढे, आणि वरच्या कडेस तें डावीकडे, तर खालच्या कडेस उजवीकडे! ही खूण काटकोन बिघडल्याची. फळी पालथी घातली म्हणजे तिरकेपणाही पालथा होतो आणि चूक दुप्पट दिसते.

तें ताडून पाहण्यास बौधायनाचें शुल्बसूत्र पुरें पडलें. वेदीचा काटकोन साधण्यासाठीं आयताच्या कर्णाचा जो नियम तेथें सांगितला आहे, त्यांतली ३ आणि ४ बाजूंची जोडी शाळेंतल्या मुलासही ठाऊक असते. आम्हीं आंब्याच्या खोक्याच्या फळीवर यंत्राकडून तीन बारीक भोकें पाडून घेतलीं: एक कोपऱ्यावर, दुसरें लांबीनें १६० मिलिमीटरांवर, तिसरें रुंदीनें १२० वर. कर्ण २०० भरावयास हवा, भरला २०१. एक मिलिमीटर म्हणजे काय मोठेंसें, असें कोणी म्हणेल. पण त्याचा अर्थ काटकोन अर्ध्या अंशाहून अधिक ढळलेला. आमच्या १४० मिलिमीटर रुंद झडपेच्या कडांस त्यानें दीड मिलिमीटराची तफावत पडते, आणि वेलीचा देंठच मुळीं तीन मिलिमीटरांचा!

दोष सांपडल्यावर दुरुस्ती अर्ध्या तासाची. कोरणीची आडवी कमान ज्या दोन खांबांवर उभी असते, त्यांपैकीं एक दुसऱ्याहून तीन-चार मिलिमीटर पुढें सरकला होता. पार्सलाच्या प्रवासांत बोल्ट सैल झाले असावेत. बोल्ट ढिले करून खांब मागें घेतला आणि पुन्हां तीन भोकें पाडलीं. चौथ्या खेपेस कर्ण २०० भरला.

दुसरी फळी लावतांना पुतण्याखेरीज कोणी खोलींत थांबलें नाहीं. आत्याबाई तर देवघरांत जाऊन बसल्या. झडप निघाली ती देंठाला देंठ लागून. मात्र ती वैशाखांतल्या कोरड्या हवेंत कोरलेली. पावसाळ्यांत लाकूड आडव्या अंगानें फुगतें, लांबीनें जवळजवळ नाहीं. म्हणून मिस्त्रींनीं बिजागरीकडे पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवूनच ती बसविली आहे.