एकोणऐंशींपैकी किती

रायपूरच्या बुढापाऱ्यातील एका जुन्या घरात गेल्या उन्हाळ्यात एका निवृत्त शिक्षकाने एक यादी करावयास घेतली. विषय पाहता ती एका सायंकाळी संपावयास हवी होती. तिला तीन आठवडे लागले. पुण्याहून सुटीला आलेल्या नातीला ‘स्टार ट्रेक’ ही जुनी अमेरिकन विज्ञानमालिका आजोबांबरोबर पाहावयाची होती आणि तिच्याजवळ दिवस थोडे होते. १९६६ ते १९६९ या काळात प्रक्षेपित झालेल्या मूळ मालिकेचे भाग ७९, प्रत्येक भाग सुमारे ५० मिनिटांचा. म्हणजे एकूण ६६ तासांचा ऐवज. “सगळे नकोत, आजोबा. पाहायलाच हवेत तेवढे सांगा, बाकीचे गाळू,” ती म्हणाली. मागणी वाजवी होती. गुरुजींनी (बुढापाऱ्यात मराठी आणि हिंदी दोन्ही घरे त्यांना याच नावाने ओळखतात) एक जुनी वही काढली, तिच्या मागच्या पानावर १ ते ७९ आकडे घातले आणि तिथेच ते अडले.

अडण्याचे कारण असे, की पडद्यावर काय पाहावे आणि काय पाहू नये हे ठरविण्याचा प्रसंग त्यांच्यावर आयुष्यात फारसा आलाच नव्हता. १९७५ मध्ये ते रायपूर जिल्ह्यातील एका खेड्यात नव्याने रुजू झालेले शिक्षक होते. त्या वर्षी १ ऑगस्टला उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामूहिक संच बसविले गेले. तेव्हाच्या मध्य प्रदेशातून रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हे जिल्हे त्यासाठी निवडले होते. शाळेच्या आवारात तारेच्या जाळीची, दहा फूट व्यासाची थाळी आकाशाकडे तोंड करून उभी राहिली. सकाळी मुलांसाठी कार्यक्रम, सायंकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य आणि थोडे गाणेबजावणे. जे येईल ते पाहावयाचे. याच उपग्रहाचे कार्यक्रम तिकडे कोलंबोत आर्थर क्लार्क आपल्या घरी पाहत असत. त्यांच्यासाठी भारतीय अवकाश संस्थेने खास थाळी बसवून दिली होती. दळणवळणाच्या उपग्रहांची कल्पना १९४५ मध्येच मांडणारा विज्ञानकथालेखक आणि छत्तीसगढच्या खेड्यातली पाटी-दप्तर घेऊन बसलेली मुले काही काळ एकाच कार्यक्रमाचे प्रेक्षक होती, ही गोष्ट विज्ञानकथेच्या इतिहासात सहसा कोणी नोंदवीत नाही. ३१ जुलै १९७६ ला प्रयोगाची मुदत संपली, उपग्रह दुसरीकडे हलविला गेला आणि थाळी आकाशाकडे पाहत तशीच राहिली. पुढे १९७७ मध्ये रायपूरला प्रक्षेपक आला.

‘स्टार ट्रेक’ घरात आली ती ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवरून, रविवारी सकाळी. तोवर गुरुजींची बदली शहरात झाली होती. अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारा धाकटा भाऊ घरी होता, आई होती, आणि शेजारची पाचसहा मुले ओट्यावरून आत डोकावत असत. तेव्हाही काही भाग गाळले गेले. परंतु गाळणारा कोणी नव्हता. कधी वीज जाई, कधी लग्नाचे आमंत्रण येई, कधी पाहुणे. एका भागाचा आरंभ मिळाला नाही, दुसऱ्याचा शेवट. भावाने अशा अर्ध्यामुर्ध्या भागांची जुळवणी करण्याचा एक मार्ग काढला होता. जेम्स ब्लिश या लेखकाने मालिकेच्या भागांच्या कथा करून छापलेली काही पुस्तके त्याला जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाली होती. दिवे गेले की तो ती कंदिलाशी घेऊन बसे आणि आईला मराठीत कथा सांगे. टोकदार कानांच्या स्पॉकचे नाव आईने ‘लंबकर्ण’ ठेवले होते. हे गणपतीचेही नाव आहे आणि गाढवाचेही. आईला त्यांपैकी कोणते अभिप्रेत होते ते तिने कधी सांगितले नाही.

आता निवड करावयाची म्हणजे निकष हवा. नातीने भ्रमणध्वनीवरून चारपाच तयार याद्या वाचून दाखविल्या. त्यांच्यात मतभेद थोडा आणि एकमत पुष्कळ होते. ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ कोणीच सोडला नव्हता. गुरुजींचाही त्याला विरोध नव्हता. पण त्या भागाच्या मानमान्यतेत एक गंमत आहे, आणि पाठचिकित्सा करणाऱ्या अभ्यासकांना ती विशेष रुचावी. हार्लन एलिसनने लिहिलेली मूळ संहिता निर्मात्यांनी पुष्कळ बदलली. त्याने त्याबद्दलचा राग आयुष्यभर सोडला नाही. पुढे प्रक्षेपित झालेल्या रूपाला विज्ञानकथेचा ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि लेखकाच्या मूळ संहितेला पटकथालेखकांच्या संघाचा. एकाच कृतीचे दोन पाठ, आणि दोन्ही सन्मानित! असा निकाल आपल्याकडे एखाद्या पोथीला लाभला असता तर संपादकांच्या कितीतरी प्रस्तावना लिहावयाच्या राहिल्या असत्या.

‘स्पेस सीड’ हा भाग यादीत आला तो गुणापेक्षा सोयीने. त्यातला खलनायक खान नून्येन सिंग पुढे १९८२ च्या चित्रपटात परततो, म्हणून हा भाग टाळता येत नाही. उत्तर भारतीय शीख असावा असा ज्याच्याविषयी तर्क केला जातो त्या पुरुषाची भूमिका एका मेक्सिकन नटाने केली आहे. ते नाव ऐकून भाऊ त्या रविवारी इतका हसला होता की पुढचे संवाद कोणाला ऐकू आले नाहीत. ‘द डेव्हिल इन द डार्क’ला गुरुजींनी दोन खुणा केल्या. खाणीतल्या माणसांना मारणारा खडकासारखा प्राणी वस्तुतः आपली अंडी जपणारी आई आहे, हे त्यात शेवटी उमगते. छत्तीसगढसारख्या खाणींच्या प्रदेशात ही कथा पाहणाऱ्यास तिच्याकडे केवळ अद्भुत म्हणून पाहता येत नाही. आजींचा निकष या सर्वांहून साधा होता. “लंबकर्ण किती वेळ दिसते त्यात, ते सांगा. बाकी तुम्ही काय शोधून राहिले, मला नाही समजत,” असे त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या. सासूचे दिलेले नाव त्यांनी पुढे चालविले होते.

मराठी वाचकाला निवडीचा हा व्यवहार नवा नाही. परशुरामपंत गोडबोल्यांचे ‘नवनीत’ १८५४ मध्ये निघाले, आणि पुढे कित्येक पिढ्यांनी जुनी मराठी कविता त्यातच वाचली. लोणी काढले म्हणजे ताक उरतेच. त्या ताकाची चौकशी फार उशिरा सुरू झाली. गुरुजींना मात्र या संदर्भात आठवली ती आईची ‘शिवलीलामृता’ची पोथी. श्रीधरांच्या त्या ग्रंथाचा अकरावा अध्याय ती रोज म्हणत असे. ती निवडच होती, आणि परंपरेने मान्य केलेली. श्रावणात मात्र सबंध पारायण होई आणि त्यात एकही ओवी गाळलेली तिला चालत नसे. एखादा अध्याय कंटाळवाणा आहे असे तिला वाटत नसेल असे नव्हे. भावाने एकदा तसे विचारलेही होते, तेव्हा ती म्हणाली होती, “अकरावा माझ्यासाठी वाचते. बाकीचे पोथीसाठी.” गुरुजींनी हे वाक्य नातीला सांगितले. तिने ते लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, “मग आपण कोणासाठी पाहतोय?” या प्रश्नावर त्या दिवसापुरते यादीचे काम थांबले.

तिसऱ्या वर्षाच्या २४ भागांशी आल्यावर सर्व याद्यांचा सूर कठोर होतो आणि त्याला कारणे आहेत. १९६८ मध्ये प्रेक्षकांनी पत्रे पाठवून मालिका बंद होऊ दिली नाही. पण वाहिनीने तिला शुक्रवारी रात्री दहाची, ओसाड म्हणावी अशी वेळ दिली, पैसा कमी झाला आणि जीन रॉडनबेरी दैनंदिन निर्मितीतून बाजूला झाले. या वर्षाचा आरंभ २० सप्टेंबर १९६८ ला ‘स्पॉक्स ब्रेन’ या भागाने झाला. सबंध मालिकेतील सर्वांत वाईट भाग कोणता, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी हेच मिळते. एक अनोळखी स्त्री यानात येऊन स्पॉकचा मेंदू काढून नेते. एका ग्रहावर जमिनीखाली स्त्रियांची वसती आहे. तिथली हवा, ऊब, पाणी, सारे चालविण्यासाठी तो मेंदू जोडलेला आहे. त्या स्त्रियांना स्वतःला काहीच येत नाही. जुन्या पूर्वजांचे ज्ञान एका यंत्रातून काही तासांपुरते त्यांच्या डोक्यात उतरते आणि विरते. मित्र स्पॉकचे रिकामे शरीर कळ दाबून चालवीत तिथवर नेतात, आणि डॉक्टर तेच उसने ज्ञान घेऊन मेंदू परत बसवितो. लेखकाचे नाव ली क्रोनिन असे दिसते. ते टोपणनाव आहे. खरा लेखक जीन कून. ‘द डेव्हिल इन द डार्क’ लिहिणाराही तोच. टोपणनाव घेण्याची कारणे अनेक असतात. जयंत नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा १९७४ च्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने धाडली, ती आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. कूनच्या टोपणनावामागे असा विनय होता असे म्हणवत नाही.

गुरुजींच्या वहीत गाळलेल्या प्रत्येक आकड्यावर एक रेघ होती. या भागावर दोन होत्या. नातीच्या ते लक्षात आले.

हा भाग त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. तो त्यांच्या घरात आला होता भावाच्या तोंडून, एका अंधाऱ्या संध्याकाळी, अंगणात. भावाने तो थट्टेच्या सुरात सांगावयास घेतला होता. पण आई गंभीर झाली. शिर एकाचे आणि धड दुसऱ्याचे, ही गोष्ट तिला परकी नव्हती. गणपती तिच्या देव्हाऱ्यात होता. वेताळपंचविशीतली अदलाबदल झालेल्या मस्तकांची कथा तिला पाठ होती. त्याच कथेवरून टॉमस मानने १९४० मध्ये कादंबरिका लिहिली आणि गिरीश कर्नाडांचे ‘हयवदन’ १९७१ मध्ये आले, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. वेताळ विचारतो, यांतला पती कोणता? विक्रम उत्तर देतो, ज्याचे मस्तक तो. कारण सर्व अवयवांत मस्तक श्रेष्ठ. तिथे कथा संपते. आईने भावाला विचारले ते याहून निराळे होते. “त्याला परत नेलं. मग त्या बायांचं काय? त्यांचं घर कोण चालवेल?”

पुस्तकात याचे उत्तर एकदोन वाक्यांत उरकलेले आहे: स्त्रियांनी आता वर, थंडीत, पुरुषांबरोबर राहावयास शिकावे. भावाने ते वाचून दाखविले. आईने मान हलविली, होकाराची नव्हे. सोळाव्या वर्षी नागपूरहून या घरात आलेली, तिशीत वैधव्य आलेली, आणि त्यानंतर दोन मुलांसह हे घर चालविलेली ती बाई होती. पुढे कितीतरी दिवस स्वयंपाक करताना ती मध्येच तो विषय काढी. भाऊ तिला वेगवेगळे शेवट रचून देई. एकात लंबकर्ण दर संक्रांतीला त्या ग्रहावर जाऊन यंत्र दुरुस्त करून येई. तिला एकही पटला नाही. ती १९९४ मध्ये गेली. भाऊ २००३ मध्ये.

दोन रेघांचे कारण हे होते. जे उत्तम नाही ते गाळावे, हे गुरुजींना एव्हाना मान्य झाले होते. पण हा भाग ते निराळ्या भयाने गाळीत होते. कळ दाबून चालणारा स्पॉक पाहून नात हसेल, हसणे योग्यच असेल, आणि ते हसणे त्या अंगणापर्यंत पोहोचेल. निवडीची पुष्कळ कामे अशीच होत असावीत. संपादक प्रस्तावनेत लिहितो की अमुक रचना सामान्य म्हणून वगळली. ती त्याच्या घरी कोण गात असे, हे तो लिहीत नाही.

त्यांनी नातीला हे सारे सांगितले नाही, निम्मेच सांगितले. तिने वही बाजूला ठेवली आणि त्याच रात्री भाग लावला. ती हसली. गुरुजीही हसले, तो चालणारा स्पॉक खरोखरच हास्यास्पद आहे, आणि भावाने तो सांगितला होता त्याहून कितीतरी अधिक. आजी शेवटपर्यंत बसल्या, कारण त्यांच्या निकषाने हा भाग उत्कृष्ट ठरत होता. शस्त्रक्रिया अर्धी झाली असता स्पॉकला वाचा फुटते आणि तो स्वतःच डॉक्टरला पुढच्या सूचना देऊ लागतो, त्या ठिकाणी नात थोडी पुढे सरकून बसली. मग सारे सुरळीत झाले, विनोद झाला, नावे सरकू लागली.

“मग त्या बायांचं काय?” गुरुजींनी विचारले.

ती क्षणभर थांबली. पडद्याकडे पाहत म्हणाली, “पुढच्या भागात असेल.”

“नाही,” गुरुजी म्हणाले. “पुढच्या भागात ते दुसरीकडेच असतात.”