जमीन दिसण्याआधी

सिव्हिलायझेशन या संगणकावरच्या खेळातला सगळ्यात अवघड निर्णय पहिल्या टर्नच्याही आधी घ्यावा लागतो. नकाशा झाकलेला, शेजारी कोण ते ठाऊक नाही, आणि राष्ट्र मात्र आत्ताच निवडायचं. १९९६ साली दुसरा भाग आला तेव्हा ही अडचण नव्हती. राष्ट्र म्हणजे नाव आणि रंग. २००१च्या तिसऱ्या भागात राष्ट्रांना स्वतःचे गुण आले आणि माझ्यामागे हा प्रश्न लागला. तो अजून सुटलेला नाही.

सहाव्या भागापर्यंत मी स्वतःपुरता एक नियम केला होता: आधी विजय ठरवायचा, मग त्याला साजेसं राष्ट्र घ्यायचं. विज्ञानाला कोरिया, संस्कृतीला ग्रीस, धर्माला गांधींचा भारत. हा नियम मी पुष्कळांना शिकवला. पण कोरियाचंच बघा. त्यांचं विज्ञानाचं डिस्ट्रिक्ट, सोवॉन, टेकडीवरच उभं राहतं, एकट्यानं चार विज्ञान देतं, आणि शेजारी दुसरा डिस्ट्रिक्ट आला की एकेक कमी होत जातं. म्हणजे कोरियाची खरी ताकद टेकड्या किती आणि कशा पसरल्यात यात आहे, आणि ते निवडताना दिसत नाही. खेळ कोरियाला डोंगराळ भाग द्यायला बघतो, पण त्या डोंगरापलीकडे कोण बसलंय ते सांगत नाही. डेइटीवर, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवर, सुरुवातीला आपल्याकडे एक सेटलर असतो आणि संगणकाच्या प्रत्येक राष्ट्राकडे तीन. असा शेजारी फौज घेऊन दारात आला की विज्ञानाचा विजय कागदावर राहतो.

यावर मी जो उपाय काढला होता तो आज सांगून टाकते. पहिल्या पाच-दहा टर्नमध्ये जमीन मनासारखी नसली की मी डाव टाकून द्यायची आणि नवा मांडायची. कधी सात वेळा, कधी पंधरा. जिंकले की चारचौघांत सांगायची तो फक्त शेवटचा डाव. ‘मावशी डेइटीवर जिंकते’ हे ऐकायला मला फार आवडायचं. आधी टाकलेले डाव कोणी विचारले नाहीत आणि मीही कधी सांगितले नाहीत.

गेल्या मे महिन्यात भाचा राहायला आला. हा खेळ त्याला मीच शिकवलेला. त्यानं गांधी घेतले. मी म्हटलं, “लवकर होली साइट बांध, नाहीतर धर्म मिळायचा नाही.” तो म्हणाला, “मावशी, मला धर्म काढायचाच नाहीये.”

मला ते मूर्खपणाचं वाटलं. मग मी त्याच्या शेजारी बसून बघत राहिले. भेटलेल्या ज्या राष्ट्रानं धर्म स्थापन केलाय आणि जे युद्धात नाही, अशा प्रत्येकामागे गांधींना दर टर्नला पाच फेथ मिळतं. धर्म दुसऱ्यांनी काढले तरी चालतं. शिवाय भारताच्या शहरात एखाद्या धर्माचा एक जरी अनुयायी असला, तरी त्या धर्माच्या अनुयायी-श्रद्धेचा लाभ शहराला होतो. त्यानं सगळ्यांच्या मिशनऱ्यांना येऊ दिलं. फक्त एक धर्म सगळीकडे वरचढ होणार नाही एवढं डोळ्यांत तेल घालून पाहिलं, कारण तसं झालं तर त्या धर्माचा धनी जिंकला असता. होली साइटला लागून पायऱ्यांच्या विहिरी खोदल्या. आपल्याकडच्या बारवाच त्या. तिथूनही थोडं फेथ येत राहिलं.

त्या साठवलेल्या फेथमधून त्यानं नॅचरलिस्ट घेतले, नॅशनल पार्क उभारले, शेवटी रॉक बँड परदेशी धाडले. नॅचरलिस्ट आणि रॉक बँड सोन्यानं मिळत नाहीत, फेथनंच मिळतात. संस्कृतीचा विजय झाला. मी ज्याला इतकी वर्षं धर्माचं राष्ट्र म्हणत आले, ते खरं तर फेथ साठवणारं राष्ट्र होतं. फेथ कुठे खर्चायचं हे त्यानं जमीन आणि शेजारी बघून ठरवलं. त्याची सुरुवातीची जागा सामान्य होती. त्यानं ती बदलली नाही. असं करता येतं हे बहुधा त्याच्या मनातच आलं नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझा राग त्याच्यावर नव्हता.

आता सगळीकडे राष्ट्रांच्या क्रमवाऱ्या फिरतात: हे पहिल्या दर्जाचं, ते टाकाऊ. नवी मुलं त्या बघून निवडतात आणि चौथ्या डावाला कंटाळतात. या क्रमवाऱ्यांचा मला संताप येतो. आणि माझा नियम त्यांच्याहून फारसा वेगळा नव्हता, हेही आता कळतं. २०२५चा सातवा भाग म्हणतो, नेता वेगळा ठेवा आणि तीन युगांत तीन राष्ट्रं घ्या. पुढचं राष्ट्र जमीन पाहिल्यावर निवडा. पुष्कळांना यात माझ्या अडचणीचं उत्तर दिसतं. मला तसं वाटत नाही. एम्पायर: टोटल वॉर या दुसऱ्या खेळात मी मराठे घेतले तेव्हा अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हिंदुस्थान समोर मांडलेला होता, उत्तरेला मोगल होते, तिथे निवड सोपी होती आणि म्हणून मला ती फारशी आठवतही नाही. न बघता दिलेला शब्द शेवटपर्यंत निभावण्यात जी धाकधूक आहे, तिच्यासाठीच मी हा खेळ खेळते. आणि तीच मी पंधरा-पंधरा वेळा टाळत आले.

मागच्या आठवड्यात कोरिया घेतला. राजधानीजवळ दोनच टेकड्या निघाल्या, पलीकडे झुलू. बोट सवयीनं मेन्यूकडे गेलं. मी ते मागे घेतलं. दीडशेव्या टर्नच्या सुमारास राजधानी पडली. उरलेल्या दोन शहरांवर मी हरेपर्यंत खेळले.

मग भाच्याला फोन केला. हरले ते सांगितलं, आणि त्यानं विचारायच्या आधीच पुढचंही सांगितलं: पहिलाच डाव होता.