इनाम वाढलं, खुराक कुणाचा?

महाराष्ट्र केसरीच्या विजेत्याला हल्ली मोटार मिळते. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात शिवराज राक्षेनं गदेबरोबर थार गाडी आणि पाच लाख रुपये नेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुण्याजवळच्या फुलगावला सिकंदर शेखनं गदा मारली. पोरगा मोहोळचा, पण घडला आमच्या गंगावेश तालमीत, त्यामुळं कोल्हापूरलाही आपलीच गदा आल्यासारखं वाटलं. मलाही फार आनंद झाला. फक्त त्या गाडीकडं बघताना मनात एक हिशोब सुरू होतो. हे अंग इथवर आणायला जी वर्षं गेली, त्या वर्षांचा खुराक कुणी पुरवला?

शाहू महाराजांच्या काळी हे विचारावंच लागत नव्हतं. 1902 च्या युरोप दौऱ्यात महाराजांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं. जमीन खोलगट खोदून मधोमध हौदा केला, त्यामुळं कुठंही बसा, कुस्ती दिसणारच. सुरुवातीलाच गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन अशी जोड लागली. मैदानाचं कौतुक सगळेच करतात, पण मला त्यामागची तालमींची व्यवस्था जास्त मोलाची वाटते. होतकरू पोरांना कोल्हापुरात आसरा द्यायचा, वस्तादाच्या हवाली करायचं आणि दूध, तूप, बदामाचा खर्च दरबारानं उचलायचा. पैसा पडायचा तो पैलवान घडवण्यावर. इनाम ही वरची शाबासकी होती.

1949 साली संस्थान विलीन झालं आणि हा आधार गेला. त्याच्या पुढच्याच काळात खाशाबा जाधवांची गोष्ट घडली. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7 हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले आणि परतल्यावर कुस्त्यांची मैदानं भरवून त्या कर्जाची फेड केली. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्या माणसानं स्वतःच्या पदकाचा खर्च मातीत उतरून चुकता केला! हे वाचताना अजूनही माझा ऊर भरून येतो आणि रागही येतो.

माझ्या लहानपणी श्रीपती खंचनाळे, गणपतराव आंदळकर, दादू चौगुले ही नावं घरातल्या माणसांसारखी घेतली जायची. खंचनाळे 1959 चे पहिले हिंदकेसरी, पुढच्याच साली आंदळकर. खासबागेत मोठी जोड असली की पेठांत आठवडाभर दुसरा विषय नसायचा. पण मैदानाचं खरं अर्थकारण कळायचं ते गावच्या यात्रेत. आधी रेवड्यांवर आणि नारळावर लहान पोरांच्या कुस्त्या. मग पाच रुपये, दहा, पंचवीस, शंभर, असं चढत चढत शेवटी एक नंबरची जोड. हलगी कडाडायची. निकाली कुस्ती करणारं पोरगं मातीनं माखलेल्या अंगानं कडेकडेनं फिरायचं आणि धोतरवाले म्हातारे कनवटीची नोट काढून त्याच्या हातावर ठेवायचे. ती नोट बहुतेक त्यांच्या बाजाराच्या पैशातली असायची. कुस्ती बरोबरीत सुटली तरी पोराची झुंज आवडली म्हणून मिळालेल्या नोटा मी पाहिल्या आहेत.

आता त्याच यात्रांत एक नंबरचं इनाम लाखांत जातं. मातीच्या बरोबरीनं मॅट आली. 2015 साली प्रो रेसलिंग लीगमध्ये मल्लांचा लिलाव झाला, 2018 ला मराठी वाहिनीच्या कुस्ती दंगलीत ‘कोल्हापुरी मावळे’ नावाचा संघ उतरला. याचं मला वाईट वाटत नाही. पैलवानानं कमवावं, चांगलं कमवावं. पण हा सगळा पैसा जिंकणाऱ्याच्या हातात, जिंकल्याच्या दिवशी पडतो. गंगावेशच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून देतात. तिथं भांडं घेऊन उभ्या असलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराचं दूध त्याचा बाप भरतो. बदाम, तूप, तालमीतली खोली, सगळं बापच भरतो, आणि तो बाप बहुधा दोन-तीन एकरांचा धनी असतो. कोरोनात यात्राच भरल्या नाहीत. मैदानं बंद, इनाम बंद, आणि तालमीतली पोरं वळकटी बांधून गावी गेली. काही परत आलीच नाहीत.

अमेरिकेतल्या बेसबॉलचं उदाहरण मला इथं द्यावंसं वाटतं. तिथं 1975 पर्यंत खेळाडू एका क्लबला जखडलेला असायचा. आमचा पैलवान तसा कधीच बांधलेला नव्हता, पण त्याला महिन्याचा पगारही कधी नव्हता. त्याच देशात आज खालच्या लीगमध्ये घडणाऱ्या पोरांना क्लब पगार देतात, आणि 2022 पासून त्यांच्या राहण्याची सोयही क्लबांनीच करायची असते. तीही पोरांनी आणि त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी भांडून मिळवलेली गोष्ट आहे.

आपल्याकडं सरकारनं 2023 ला वयोवृद्ध मल्लांचं मानधन अडीच हजारांवरून साडेसात हजार करायची घोषणा केली. झालं ते बरंच झालं, पण ते कारकीर्द संपल्यानंतरचं. घडत्या वयातल्या पोरांसाठी आपल्या भागात कुणी काही केलं असेल, तर ते सहकारी साखर कारखान्यांनी. कागलचा शाहू कारखाना मॅटवरच्या स्पर्धा घेऊन त्यातून मल्ल निवडतो आणि त्यांना मानधन देतो. असं मानधन प्रत्येक कारखान्यानं, दूध संघानं आणि मोठ्या यात्रा कमिट्यांनीही सुरू करावं. एक नंबरच्या इनामातून थोडी रक्कम काढून ती गावातल्या दोन पोरांच्या खुराकाला महिन्याच्या महिन्याला द्यावी, आणि त्या महिन्यात पोरगं जिंकलं की हरलं हे विचारू नये.