दोन नरसम्मांचा रेडिओ

सोलापूरहून हैदराबादची वाट धरली, की नळदुर्ग-उमरगा मागे पडता पडता भाषा बदलू लागते. हुमनाबादला पाट्या कन्नड, जहीराबादला तेलुगू. दखनी बोली मात्र दोन्हीकडे चालून जाते. रस्त्याच्या कडेची ज्वारी, तूर आणि करडई पाहून आपण मराठवाडा सोडला आहे असे वाटतच नाही. वाटावे तरी कसे? नळदुर्गपासून पुढचा हा सारा मुलूख १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होता. भाकरीला इथे ‘रोट्टे’ म्हणतात आणि अंबाडीला ‘गोंगूरा’, एवढाच काय तो फरक.

जहीराबादपासून आडवाटेला झरासंगम आहे. तिथले केतकी संगमेश्वराचे देऊळ महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या भाविकांनाही ठाऊक आहे. शंकराला एरवी केवडा वर्ज्य मानतात; इथे मात्र केवड्यानेच पूजा होते. दर्शन घ्यायचे, कुंडाचे तीर्थ घ्यायचे आणि गाडी हमरस्त्याला लावायची, असाच बहुतेकांचा शिरस्ता. याच भागातल्या माचनूर या लहानशा खेड्यात शिरण्याचे कारण सहसा कुणाला पडत नाही. पण माचनूरला एक रेडिओ केंद्र आहे आणि ते गावच्या बायका चालवतात. त्याचे नाव ‘संघम रेडिओ’. देवळाचा संगम निराळा आणि हा संघम निराळा, हे नवख्या माणसाला आधी समजावून सांगावे लागते.

संघम म्हणजे खेड्यातल्या बायकांचे मंडळ. १९८३ मध्ये ‘डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी’ ही संस्था या भागात काम करू लागली आणि गावोगाव अशी मंडळे उभी राहिली. सभासद बहुतेक दलित समाजातल्या; कुणाकडे एखादा एकर हलकी तांबडी जमीन, तर कुणी दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या. दिवसा सवड नाही, म्हणून बैठक रात्री. बोलायचे विषय ठरलेले : पडीक जमीन कशी लागवडीला आणायची, घरचे बियाणे कसे राखायचे, कुणाला किती धान्य हवे. एकाच शेतात ज्वारी, तूर, राळे, मूग, अंबाडी अशी पंधरा-वीस पिके एकत्र घ्यायची या बायकांची रीत. हिवाळ्यात केवळ जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर येणाऱ्या पिकांना त्या ‘सत्यम पंटलु’ म्हणजे सत्याची पिके म्हणतात. आपल्याकडे हरभरा, जवस, करडई असेच कोरडवाहूत येतात; पण त्यांना इतके देखणे नाव आपण दिले नाही.

हे सारे ज्ञान बायकांच्या तोंडी होते. लिहिता-वाचता येणाऱ्या थोड्या. मग त्यांनीच विचार मांडला, की आपले बोलणे साठवून ठेवता येईल, असे काही हवे. संस्थेचे एक संस्थापक पी. व्ही. सतीश हे पूर्वी दूरदर्शनवर निर्माते होते, त्यामुळे यंत्रांची त्यांना धास्ती नव्हती. युनेस्कोच्या मदतीने १९९८ मध्ये माचनूरला ध्वनिमुद्रणाची सोय झाली आणि गावच्या मुली यंत्र हाताळायला शिकल्या. त्यातल्या दोघी मैत्रिणी पुढे या रेडिओचा आवाजच झाल्या. दोघींचे नाव नरसम्मा. घोटाळा होऊ नये म्हणून एकीला गावावरून अलगोल नरसम्मा म्हणू लागले आणि दुसरीला जनरल नरसम्मा.

यंत्र होते, आवाज होता. नव्हता तो परवाना. त्या वेळी आकाशलहरींवर खेड्यातल्या बायकांच्या मंडळाला जागा नव्हती. मग काय करावे? त्यांनी कॅसेटी भरल्या. कधी शेताच्या बांधावर, कधी कुणाच्या ओसरीवर, कधी सुईणीजवळ बसून. राळ्याचा भात कसा शिजवायचा, बियाणे राख आणि कडुनिंबाचा पाला घालून टोपलीत कसे लिंपून ठेवायचे, बाळंतिणीला काय द्यायचे, असे सगळे त्यात आले. बतुकम्माची गाणीही आली. नवरात्राच्या सुमारास फुलांची उतरंड रचून तिच्याभोवती टाळ्या वाजवत बायका फेर धरतात, तो हा सण. भोंडला किंवा हादगा खेळलेल्या मराठी बाईला तो पाहताक्षणी ओळखीचा वाटेल. भरलेल्या कॅसेटी गावोगावच्या संघमच्या बैठकीत टेपरेकॉर्डरवर लावायच्या, असा प्रघात पडला. आपल्या घरातल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या कितीजणांनी अशा टिपून ठेवल्या असतील?

हा क्रम एक-दोन वर्षे नव्हे, तब्बल दहा वर्षे चालला. परवान्याविना काढलेल्या या काळाला अनेकजण ‘वाट पाहण्याची वर्षे’ म्हणतील. पण खरे पाहता या रेडिओची सगळी घडण त्याच काळात झाली. बैठकीत टेप थांबवता येते, पुन्हा लावता येते. ‘आमच्या गावात हे असे करत नाहीत’ असे ऐकणारी तिथल्या तिथे म्हणू शकते. मोठ्या केंद्रात बसलेल्या निवेदकाला श्रोता इतक्या जवळून कधी भेटत नाही.

आणखी एक गोष्ट या कॅसेटींनी केली. तेलंगणातल्या बोलीची पुस्तकी तेलुगूपुढे नेहमी टिंगल होत आली. सिनेमात ती विनोदी पात्रांच्या तोंडी घातली जाई. त्यातही ही तर शेतमजूर बायकांची बोली. ती यंत्रातून जशीच्या तशी, न सुधारता बाहेर पडू लागली. वऱ्हाडी किंवा मालवणी घरात बोलून बाहेर ‘शुद्ध’ बोलायला लागलेल्यांना यातले मोल वेगळे सांगायला नको.

इकडे दिल्लीत चाके फिरत होती. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. खटला होता क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा. निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत. त्या निकालाचे फळ खेड्यापर्यंत पोचायला अकरा वर्षे लागली. २००६ मध्ये केंद्र सरकारने शिक्षणसंस्थांपलीकडे स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओची वाट मोकळी केली. ताकद साधारण शंभर वॅट, मनोरा तीस मीटरपर्यंत, आणि बातम्या द्यायच्या नाहीत, अशा त्याच्या अटी.

१५ ऑक्टोबर २००८ रोजी, जागतिक ग्रामीण महिला दिनी, माचनूरचा आवाज ९०.४ मेगाहर्ट्‌झवर पहिल्यांदा हवेत गेला. उद्‌घाटनाला आले होते तेच न्यायमूर्ती सावंत. निवृत्तीनंतर पुण्यात राहणारा हा मराठी माणूस आपल्याच निकालाची परिणती पाहायला इतक्या आडगावी आला, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कुणाला ठाऊक नाही. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रसारणाची वेळ ठरली सायंकाळी सात ते नऊ. शेतावरून परतल्यावर, चुलीपुढे भाकऱ्या थापताना कान मोकळा असतो, म्हणून. सिनेमाची गाणी नाहीत. पेरणी, औषधपाला, सण, गप्पा आणि गावच्याच बायकांनी म्हटलेली गाणी. दोन्ही नरसम्मा कार्यक्रम ठरवणार, ध्वनिमुद्रण करणार, कापणी-जोडणी करणार आणि निवेदनही त्यांचेच. कॅसेटीची जागा संगणकाने घेतली. त्यांनी तोही शिकून घेतला.

दिवस पालटले आहेत. २०१४ मध्ये तेलंगण वेगळे राज्य झाले आणि मेदक जिल्ह्यातला हा भाग २०१६ पासून संगारेड्डी जिल्ह्यात गेला. मार्च २०२३ मध्ये सतीश गेले. गंमत अशी, की तेच साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून जाहीर केले होते आणि ज्या राळ्याला, कोद्र्याला कुणी विचारत नव्हते ते शहरातल्या दुकानांत सुबक पाकिटांतून विकायला आले. सुरुवातीला ज्यांचे आवाज भरले त्या म्हाताऱ्यांपैकी कितीतरी आता नाहीत. त्यांची गाणी ज्यांना पाठ होती, तीही पिढी थकली. मोबाइलवर हवे ते गाणे हवे तेव्हा मिळणाऱ्या तरुण सुनेला सातच्या कार्यक्रमाला कसे बांधून ठेवायचे, हा दोघींपुढचा खरा पेच आहे.

या मुलखात जायचे तर संक्रांतीचा सुमार गाठावा. त्या दिवसांत शृंगारलेल्या बैलगाड्यांतून देशी बियाण्यांची जत्रा निघते आणि महिनाभर गावोगाव मुक्काम करीत फिरते. टोपल्यांतून तऱ्हेतऱ्हेची ज्वारी, कडधान्ये, राळे मांडलेले असतात आणि गाड्यांपुढे बायका गात चालतात. संध्याकाळी जवळ लहानसा रेडिओ असू द्यावा. मनोऱ्याची ताकद बेताचीच. परतताना गाडी हुमनाबादकडे पुरती लागली, की तो आवाज मागेच राहतो.