शिवणीत माया ठेवा

बायांनो, शाळा उघडली की फुकट मिळालेले गणवेश माझ्या मशिनीवर दुरुस्तीला येऊ लागतात. चड्डी आसनाशी उसवलेली, सदरा खांद्यावरून ओघळलेला. ढगळ कपडा आत घेता येतो. तोकड्याच्या शिवणीत मायाच ठेवली नसेल तर मी तरी काय सोडू? पोर मग वर्गात अवघडून बसते. २०२४-२५ साली महाराष्ट्रभर एकाच पद्धतीने गणवेश द्यायचे ठरले, तक्रारी झाल्या, आणि पुढच्या वर्षापासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आले. कायद्याने त्या समितीत निदान पाऊण हिस्सा पालकांचा, आणि निम्म्या बाया. म्हणजे तुम्हीच की! शिंप्याला टेप घेऊन शाळेत बोलवा, एकेका पोराचे माप घ्यायला लावा. आणि शिलाईचे पैसे चुकते करण्याआधी एखादा सदरा उलटून बघा.