उकडलेल्या बटाट्याची साक्ष

काकडीच्या कोचावर मीठ पडलं की घडीभरात पाणी सुटतं, म्हणून कोशिंबिरीत मीठ अगदी वाढायच्या वेळी घालतात. कैरीच्या फोडींना मीठ-हळद चोळून ठेवली की त्यांनाही असंच पाणी सुटतं. या साऱ्याचं श्रेय आपण मिठाला देऊन मोकळे होतो: मीठ पाणी ओढतं. शाळेतला बटाट्याचा प्रयोगही वरवर हेच सांगतो. बटाटा सोलायचा, बूड सपाट कापायचं, मधोमध खळगा कोरून त्यात साखरेचं दाट पाणी ओतायचं, पातळीच्या खुणेला टाचणी टोचायची आणि तो साध्या पाण्याच्या बशीत उभा करायचा. काही तासांत खळग्यातलं पाणी टाचणीच्या वर चढलेलं असतं. साखरेनं पाणी ओढलं, असं वहीत लिहून मुलंही मोकळी होतात. पण शेजारी दुसरा बटाटा असतो, उकडलेला, आणि सगळ्या प्रयोगाचा जीव माझ्या मते त्या निर्जीव गोळ्यात आहे. तीच साखर, तसंच पाणी, तशीच टाचणी. पातळी मात्र चढत नाही. ओढणारी एकटी साखर असती, तर तिनं इथंही ओढलं असतं. उकडण्यानं साखरेचं काहीच बिघडलं नाही. बिघडले ते पेशींचे पडदे. पाण्याला वाट देणारा आणि साखरेला उंबऱ्यावरच थोपवणारा तो पहारा आता उठला आहे. त्यामुळे पाणी आत येतं तशी साखरही बाहेर निसटते. कच्च्या बटाट्यातली पातळी चढली त्यात साखरेच्या ओढीइतकाच या अडवणुकीचा हात होता.

यावर कुणी म्हणेल, उकडताना फक्त पडदेच फाटतात कशावरून? आतला स्टार्चही फुगून चिकट होतो, कदाचित त्यानंच वाट बुजवली असेल. शंका रास्त आहे. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की तुलना लंगडी होते. मग उकडूच नये. कच्चा बटाटा गोठवावा आणि पुन्हा वितळू द्यावा. बर्फाचे स्फटिक पडदे फाडतात, स्टार्च मात्र शिजत नाही. असा बटाटा लिबलिबीत होतो, दाबला की पाणी गाळतो, आणि साखर अडवून धरणं त्यालाही जमत नाही.

इथून पुढचं पाऊल मात्र जपून टाकायला हवं, कारण पडद्यातून पाणी असं दाट द्रावणाकडे जाण्याला परासरण म्हणतात, आणि ‘परासरण फक्त जिवंत पेशीतच होतं’ असं उत्तर लिहिण्याचा मोह होतो. फ्रान्समधल्या नोले यांनी १७४८ मध्ये मद्यार्काच्या भांड्याच्या तोंडाला डुकराचं मूत्राशय ताणून बांधलं आणि भांडं पाण्यात बुडवलं. पडदा बाहेर फुगला. त्या मूत्राशयात जीव कुठला? जर्मनीतल्या पफेफर यांच्या १८७७ च्या ग्रंथातल्या पडद्याला तर जिवाचा कधी स्पर्शही नव्हता. मातीच्या सच्छिद्र भांड्याच्या भिंतीत त्यांनी तांब्याच्या एका क्षाराचा पातळ थर धरवला, आणि शेकडा १ साखरेच्या द्रावणानं सुमारे ५३ सेंटिमीटर पारा तोलून धरण्याइतका दाब दाखवला. तेव्हा उकडलेला बटाटा मेला आहे यापेक्षा तो फुटका झाला आहे, हे म्हणणं अधिक अचूक. पडदा शाबूत हवा, एवढीच अट. रोपाचा जीव तो पडदा बांधतो आणि राखतो, पाणी ढकलत बसत नाही.

मग भिजवून टरारलेल्या मनुक्यांचं काय? परासरणाचं उदाहरण म्हणून त्यांचं नाव हमखास निघतं. मनुका वाळलेला, तरी फुगतो, हे खरं. पण वाळलेली वस्तू स्पंजासारखं नुसतं पाणी पिऊनही फुगते; नुसत्या फुगण्यावरून पडद्याची पारख होत नाही. ती करायची तर मनुक्याकडे पाहू नये. रात्रभर तो ज्या पाण्यात होता, ते पाणी चाखावं. ते गोड लागतं.