भाच्याच्या नव्या कारखान्याविषयी

चि. बाळास,

तुझे पत्र आणि सोबतची मालाची यादी पोचली. कडबा कापण्याच्या यंत्रापासून भिंतीवरच्या पंख्यापर्यंत जे जे मागितले जाईल ते ते बनवण्याचा तुझा मनोदय, आणि त्याहीपेक्षा पाटीवरच्या नावाचे तीन रंग कोणते असावेत याची तू केलेली दीर्घ चर्चा वाचून, भांडवलाची जमवाजमव होण्यापूर्वीच चार शब्द लिहावेत असे वाटले.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण तुला नवे नाही. पण त्यांच्या चरित्रातून आपण बहुधा चिकाटीचाच बोध घेतो, आणि ती चिकाटी नेमकी कशासाठी होती हे विचारत नाही. रंग ओळखण्यात दृष्टी कमी पडल्यामुळे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील चित्रकलेवर ज्यांना पाणी सोडावे लागले, यांत्रिक रेखाटन शिकवून ज्यांनी काही काळ चरितार्थ चालवला आणि पुढे बेळगावात ज्यांनी सायकलींचे दुकान थाटले, त्या माणसाला आरंभापासून सारे स्वच्छ दिसत होते असे मी म्हणणार नाही. परंतु कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यापाठोपाठ लोखंडी नांगर त्यांनी हाती घेतला, तेव्हा आपले गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न त्यांच्यापुरता निकालात निघाला होता.

आणि ते गिऱ्हाईक तर त्यांच्या दारी यावयास तयार नव्हते! लाकडी नांगर जमीन नुसती ओरखडतो, लोखंडी नांगर ती उलथून खालची हरळी मुळासकट वर काढतो, हे डोळ्यांना दिसत असूनही लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने शेतकरी दूर राहिला, आणि पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत, नांगर बाजूला सारून हमखास खपणाऱ्या दुसऱ्या जिनसांच्या मागे लागणे व्यवहाराला धरूनच झाले असते, आणि त्याबद्दल कोणी त्यांना नावेही ठेवली नसती. तुझ्या यादीतला कारखानदार तेच करील, अशी मला धास्ती आहे.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेने जागा खाली करावयास सांगितले, आणि औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचे निवडुंगाचे माळरान दिले. तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. जागा, राजाश्रय, शेजार सारे बदलले. कोणासाठी राबावयाचे ते मात्र बदलले नाही. संस्थानिकाने उजाड माळ का दिला असेल? औदार्य होतेच, पण हा मनुष्य नेमके काय करू इच्छितो हे दोन वाक्यांत कळण्याजोगे होते, हेही कारण असावे, असा माझा तर्क आहे. सावकाराला किंवा बँकेला तुझी यादी दाखवून पाहा.

नावाचा लौकिक त्यानंतरचा. १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी कारखान्याचे वार्तापत्र म्हणून 'किर्लोस्कर खबर' काढले. त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि ज्या घरांतून नांगराला कधी हात लागला नव्हता तेथेही ते नाव जाऊन पोचले. केवळ जाहिरातीने हे साधले असे तुझ्या मनात येईल. पण जाहिरातीला सांगण्याजोगे काही होते, म्हणून ती वाचली गेली. आज रेल्वेच्या स्थानकावरही किर्लोस्करवाडी हीच पाटी आहे.

मालात कधी भर घालू नये असा याचा अर्थ नाही. त्यांनीही पुढे पंप केले, पण शेतीला पाणी लागतेच. पंख्याचा आणि कडब्याचा संबंध तूच मला समजावून सांग.

तेव्हा पंखे यादीतून आजच खोड, आणि आपला माल कोणी, कोणत्या अडचणीपायी घ्यावा हे एका ओळीत लिहून परतटपाली पाठव. पाटी रंगविणाऱ्याला तोवर विसार देऊ नकोस. सौ. ताईस सा. नमस्कार.

तुझा,
मामा